व्हर्ना बाहेरून बघते

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक बसथांबा आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत व्हर्ना हनाट्युक तिथे जाऊन उभी राहते. बससाठी नाही, तिची बस त्या थांब्यावर येतच नाही. उजव्या हाताचा मोजा दातात धरते, फोन काढते, त्यावर बोट टोचत बसते, काहीतरी वाचते, मान डोलावते आणि परत येते. जानेवारीत, नाकातले केस कडक होतात अशा थंडीतसुद्धा हे चालतं. नव्याने कामाला लागलेली मंडळी मला हळूच विचारतात, "इव्हेट, त्या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुमच्यापेक्षा बरंच आहे," मी सांगते.

पण हे एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून आज बैजवार सांगते. मध्येच गोंधळलात तर माझ्या नावाने बोटं मोडू नका. त्या दिवशी मी स्वतः इतकी गोंधळले होते की दोनदा माझाच चहा शोधत फिरले, आणि तो हातातच होता.

व्हर्ना कॅनोरा गावाच्या पलीकडची, शेतावर वाढलेली. तरुणपणी टायपिंग शिकायला शहरात आली, प्रोफेसर लोकांचे प्रबंध टाइप करता करता ग्रंथालयात चिकटली आणि इथेच पिकली. स्वभाव असा की सगळ्यात घोळ. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणार, एकच गोष्ट दोनदा विचारणार, गाडी कुठे लावली ते विसरून चालत घरी जाणार. लग्न केलं नाही. एकाने विचारलं होतं म्हणे, पण तो लग्नाचं विचारतोय की नुसती चौकशी करतोय, हे हिच्या ध्यानात येईपर्यंत तो रेजायनाला निघून गेला. हे तीच हसत हसत सांगते. नियमांच्या बाबतीत मात्र कडक. ग्रंथालयाची पेन्सिल चुकून पर्समध्ये गेली तर दुसऱ्या दिवशी माफी मागून परत ठेवणारी बाई. माझं टेबल तिच्या शेजारी. दुसऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकं मागवून देणं हे माझं काम, आणि व्हर्नाचं हरवलेलं शोधून देणं हा जोडधंदा.

तर काही वर्षांपूर्वी वरच्यांनी ठरवलं, की आपल्या प्रोफेसरांचे संशोधनाचे पेपर सगळ्या जगाला फुकट वाचता आले पाहिजेत. त्यासाठी एक खुलं भांडार काढलं, वेबसाइटवर. ते काम कुणालाच नको होतं, म्हणून ते व्हर्नाच्या गळ्यात पडलं.

आता हे काय प्रकरण आहे ते ऐका, कारण मलाच समजायला दोन वर्षं लागली. प्रोफेसर संशोधन करतात तुमच्याआमच्या करातून. लिहितात, आणि जर्नलवाल्यांना फुकट देतात. चुका काढायला दुसरे प्रोफेसर, तेही फुकट. मग जर्नलवाले त्याला कुलूप लावतात आणि आमच्याच ग्रंथालयाला ते वाचायला विकतात. आपल्या शेतातला गहू गिरणीवाल्याला फुकट द्यायचा आणि पीठ विकत आणायचं, असा हा शहाणपणा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "हे शिकलेले लोक ना?" पण त्यात एक फट असते. छापायला जाण्याआधीचा जो शेवटचा, सुधारलेला मजकूर लेखकाकडे असतो, साधा, टाइप केलेला, तो बहुतेक वेळा फुकट ठेवता येतो. व्हर्नाचं काम तो मजकूर मागण्याचं. दारोदार भिक्षा मागितल्यासारखी ती प्रोफेसरांच्या मागे फिरायची.

आणि प्रोफेसर काय म्हणायचे? "अहो व्हर्नाबाई, माझा पेपर तर उघडाच आहे. हे बघा." टिचकी मारायचे आणि खरंच उघडायचा. का उघडायचा? तर विद्यापीठाच्या आवारातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ही सगळी कुलपं आपोआप निघतात. पैसे भरलेले असतात ना. जन्मभर आवारात बसलेल्या माणसाला कुलूप कधी दिसतच नाही. त्यांना वाटतं, जगात सगळीकडे असंच असतं. हसू नका. व्हर्नालाही तसंच वाटायचं, आणि मलाही.

आता तिचा भाऊ. मेट्रो तिच्याहून धाकटा, अजून कॅनोराकडेच, मधमाश्या पाळतो. एकदम हट्टी. त्याची बायको ओल्गा राण्या वाढवायची. तिच्या माश्या शांत, आणि थंडीला दाद न देणाऱ्या. आजूबाजूचे लोक त्यांना 'ओल्गाच्या माश्या' असंच म्हणायचे. ओल्गा कर्करोगाने गेली. त्यानंतरच्या दोन वाईट हिवाळ्यांत तिच्या राण्यांचा वंश आटत आटत एका पेटीत उरला. निळी पेटी, मागच्या रांगेत, पॉप्लरच्या झाडांच्या आडोशाला. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुट्यात, म्हणजे गव्हाच्या त्या गोडात, मध घालायचा तो त्याच पेटीतला. मेट्रो ओल्गाचं नाव कधी काढत नाही, पण त्या पेटीजवळ दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही.

त्या वर्षी सगळीकडे माश्यांवर ते बारीक लाल किडे पडले होते. व्हर्नाला आठवलं, आपल्या विद्यापीठातल्या प्रोफेसर थीसेननी यावरच काम केलंय. आम्लात भिजवलेली पट्टी पेटीत ठेवायची, वाफेने किडे मरतात. आणि आपल्याच प्रेअरीवर, या गवताळ सपाट मुलखात करून पाहिलेलं! हिला कोण आनंद. भांडाराचं काम इतकी वर्षं केलं, पण त्याचा उपयोग झालेलं माणूस हिने पाहिलं नव्हतं, आणि आता ते माणूस सख्खा भाऊ. तिने मेट्रोला पेपराची लिंक पाठवली. वर लिहिलं, "उघडा आहे. मी स्वतः उघडून पाहिलाय."

सप्टेंबर होता. सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. मेट्रोचा आवाज इतका मोठा की मला जागेवर बसून सगळं ऐकू येत होतं.

"मारल्या तुझ्या प्रोफेसरने! पुढच्या रांगेतल्या राण्या गेल्या. दारात ढीग पडलेत, ढीग!"

"अरे देवा! पण कशाने? तू नीट केलंस ना सगळं?"

"पेपरात लिहिलंय तसंच केलं. पट्टी ठेवली, दारं अर्धी मिटली."

"मिटली? दारं कशाला मिटलीस?"

"लिहिलंय म्हणून!"

"कुठे लिहिलंय? दारं पूर्ण उघडी ठेवा लिहिलंय. माझ्यासमोर आहे." तिने खरंच पेपर उघडला होता. "हे बघ, तिसरं पान, चित्राच्या खाली."

"तिसऱ्या पानावर चित्र नाहीये."

"अरे असं कसं नाही? पेटीचं चित्र आहे, बाण काढलेत."

"व्हर्ना, चष्मा कुठाय तुझा?"

"डोळ्यावर आहे!" तिने हात लावून खात्री केली. "तू भलताच पेपर वाचतोयस. नाव वाच बरं."

मेट्रोने नाव वाचलं. तेच. लेखक, थीसेन. तेच. पहिलं वाक्य याने वाचलं, पुढचं तिने म्हणून दाखवलं. शब्द न् शब्द तोच. मग दाराचं वाक्य. हा म्हणतो, "वाफ आत टिकावी म्हणून दार अर्धं मिटावं." ही म्हणते, "वाफेने माश्या गुदमरू नयेत म्हणून दार पूर्ण उघडं ठेवावं." पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. एका पेपराची दोन तोंडं, आणि दोघंही देवाशपथ समोर बघून वाचतायत. मी उठून व्हर्नाच्या मागे उभी राहिले. ती बरोबर वाचत होती. म्हणजे मेट्रोच खुळावला, असं मला वाटलं. माणूस एकटा राहिला की होतं असं.

व्हर्नाने हळू आवाजात विचारलं, "मेट्रो, मागची रांग?"

"पट्ट्या कालच ठेवल्यात."

"आणि दारं?"

"मिटलीत."

"निळी पेटी?"

तो म्हणाला, "तीपण."

"उघड! आत्ताच्या आत्ता जा आणि सगळी दारं उघड!"

"का? तू म्हणतेस म्हणून? दार उघडं टाकलं, वाफ उडून गेली आणि किडे तसेच राहिले तर? मग हिवाळा काढतील का त्या? माझ्याकडच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का आहे. आणि तुझी ती लिंक, तिच्यावर टिचकी मारली तर कुलूप येतं. पैसे मागतं. म्हणे उघडून पाहिलाय!" आणि फोन आपटला.

व्हर्ना रिसीव्हर हातात धरून बसली. "कुलूप कसलं? माझ्याकडे तर नाही येत."

"तुझ्या फोनवर बघ ना," मी म्हटलं.

तिने स्वतःचा फोन काढला, टिचकी मारली, पेपर उघडला. माझ्या फोनवर पाहिलं, उघडला. जिन्याखालच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, उघडला. मेट्रो खोटं बोलणारा नव्हे. मग कुलूप काय त्याच्या एकट्यासाठी लावलंय? मला खरंच राग आला, पण कुणावर यावा तेच कळेना, म्हणून मी प्रिंटरवर काढला.

"मी जरा बाहेर जाऊन येते. डोकं भणभणतंय," व्हर्ना म्हणाली आणि फोन हातात धरून निघाली. मी पाठोपाठ. ती चालता चालता पुन्हा पुन्हा टिचकी मारत होती. पायऱ्यांवर, उघडला. फाटकाशी, उघडला. रस्ता ओलांडून बसथांब्याशी आलो, तिने सवयीने बोट लावलं, आणि थबकली. फोन माझ्यापुढे धरला. पानावर मोठं कुलूप. खाली लिहिलेलं, वाचायचं असेल तर पैसे भरा.

मागे, रस्त्याच्या अल्याड, उघडा. पलीकडे, कुलूप. ग्रंथालयाचं वायफाय रस्त्यापर्यंतच पोचतं, एवढंच ते. पण तुम्हाला सांगते, इतकी वर्षं आम्ही लोकांना "उघडं आहे, उघडं आहे" सांगत होतो, आणि एकदाही रस्ता ओलांडून पाहिलं नव्हतं.

व्हर्नाने तिथेच उभं राहून पेपराचं नाव शोधलं. पहिलं आलं ते कुलूपवालं. दुसरं फुकट, एका टिचकीत उघडलं; मेट्रोलाही असंच शोधून हेच मिळालं असणार. पहिल्या पानावर विद्यापीठाचा शिक्का, आणि खाली 'विद्यापीठाच्या खुल्या भांडारातील अधिकृत प्रत'. ते पान व्हर्नाने स्वतः तयार केलं होतं. तिसऱ्या पानावर चित्र नव्हतं. दार अर्धं मिटावं, असं लिहिलं होतं.

"ही तर मीच ठेवलीय," ती म्हणाली. "इव्हेट, ही मीच ठेवलीय."

"तू थोडीच लिहिलीयस?" मी म्हटलं. "थीसेनने दिली तीच ठेवलीस ना? चल वर. आधी मेट्रोला कुलूपवाली पाठवू."

वर आल्यावर ही अडली. त्या पेपरावर लिहिलं होतं, आवाराबाहेर देऊ नये. "नियम आहे गं," ती कळवळून म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी.

"नियम गेला चुलीत," मी म्हटलं, तिला खुर्चीसकट बाजूला सरकवलं आणि मीच पाठवून दिला. घ्या, काय करायचं ते करा.

मेट्रोचं उत्तर लगेच आलं, आणि त्याने आमच्या तोंडचं पाणी पळालं. "आता दोन झाले. एकावर तुझ्या विद्यापीठाचा शिक्का, एकावर नाही. खरा कुठला? शिक्का तर तूच मारतेस ना?"

खरा कुठला हे सांगणारा जगात एकच माणूस. त्याच्याकडे निघालो.

प्रोफेसर थीसेन देवमाणूस. उंच, वाकलेला, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. आम्ही धापा टाकत शिरलो तर म्हणाले, "काय झालं? आग लागली का?"

"सर, तुमच्या पेपरात दार उघडं ठेवायचं की मिटायचं?" व्हर्नाने श्वास न घेता विचारलं.

"उघडं. अर्थात उघडं. मिटलं तर राण्या गुदमरतील."

"मग हे काय?" मी शिक्क्याची प्रत त्यांच्यापुढे टाकली.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "हा जुना मजकूर आहे. पहिल्यांदा मी शेडमध्ये, सावलीत करून पाहिलं होतं, तेव्हा मिटलेलं दार चाललं. तपासणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, उन्हात करून बघा. उन्हात माश्या मेल्या. मग मी सगळं नव्याने केलं, वाक्य बदललं, चित्र घातलं. छापलाय तो बरोबर आहे. लोक छापलेला वाचतात ना? उघडा आहे की तो. हे बघा." आणि टिचकी मारली.

"सर!" मी ओरडले. ओरडायला नको होतं, पण ओरडले. "तो तुमच्यासाठी उघडा आहे. फक्त तुमच्यासाठी! बाहेर कुलूप आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे. हळूहळू चेहरा पांढरा पडत गेला. "म्हणजे चुकीचा होता तो साऱ्या जगाला फुकट, आणि बरोबर आहे तो कुलपात?"

"हो," व्हर्ना म्हणाली.

"पण मी तुम्हाला शेवटचाच पाठवला होता, व्हर्ना."

"तुम्ही 'अंतिम' नावाची फाइल पाठवली होती, सर."

थीसेननी कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला. काय सांगू तुम्हाला! 'अंतिम'. 'अंतिम-खरा'. 'अंतिम-खरा-नवा'. 'हा वापर'. 'हा नको'. 'अंतिम-बायकोने-तपासलेला'. मी कपाळाला हात लावला. त्यांनी आधी मेट्रोला फोन लावला, पण मेट्रो उचलेना. माश्यांकडे गेला की फोन घरात ठेवतो. मग व्हर्ना बसली. एरवी किल्ली हरवणारी ही बाई, छापील पेपर डाव्या हाताला ठेवला, उजव्या हाताचं बोट एकेका ओळीवरून फिरवत सगळ्या फाइली वाचून काढल्या. 'अंतिम-खरा'त दार मिटलेलंच. 'हा वापर'मध्ये दाराचा परिच्छेदच गायब. थीसेन अपराध्यासारखे मागे उभे, मध्येमध्ये "मला वाटतं तो नाही" असं पुटपुटत. बरोबर निघाला तो 'हा नको'. का नको, हे त्यांनाही आठवेना.

भांडारातली प्रत बदलायची तर समितीची परवानगी लागते, आणि समिती भरायला वेळ होता. मी व्हर्नाकडे पाहिलं. ती एकदा छताकडे बघून म्हणाली, "मिळेल तेव्हा मिळू दे," आणि जुनी प्रत काढून नवी चढवली. पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहिलं, 'आधीची प्रत चुकीची होती. पट्टी असेपर्यंत पेटीचं दार पूर्ण उघडं ठेवा.' खाली थीसेनचं नाव, त्यांनी स्वतः घालायला सांगितलेलं. मग कोट न घालताच धावत बाहेर गेली, रस्ता ओलांडला, आणि बसथांब्यावरून उघडून पाहिलं.

उघडलं. तिथूनच तिने मेट्रोला कळवलं.

दिवस मावळताना त्याचं उत्तर आलं. एकच शब्द, "वाचलं." निळ्या पेटीचं काय झालं, ते त्याने लिहिलं नाही आणि हिने विचारलं नाही. मी म्हणायचे, "विचार की गं एकदा." ती म्हणायची, "विचारलं आणि गेली म्हणाला तर?" नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला, पेट्या गुंडाळल्या गेल्या, तरी विचारलं नाही. ओल्गाचं ते शेवटचं उरलेलं आपल्या शिक्क्याने मेलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. कामावर यायची, पण तोंडावरची रया गेली होती.

त्या दिवसांत भांडाराच्या पत्त्यावर अनोळखी लोकांच्या मेल यायला लागल्या. पीस रिव्हरकडच्या एका म्हाताऱ्याने लिहिलं, बरं झालं, दारं मिटायलाच निघालो होतो. डॉफिन गावची एक बाई शाळेची बस चालवते आणि परसात थोड्या पेट्या ठेवते. तिने आधी जुनी प्रत वाचली होती. दारं मिटली होती. मग सहज पुन्हा बघायला गेली तर लाल अक्षरं. तशीच चपला घालून धावली म्हणे. व्हर्ना प्रत्येक मेल मला दाखवायची. "हे मला का लिहितायत? मीच तर ती चुकीची ठेवली होती."

"मला काय माहीत? लिहितायत तर घे," मी म्हणायचे. मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांचं चर्च जुनं कॅलेंडर पाळतं, म्हणून त्यांचा नाताळ जानेवारीत; त्याच्या आदल्या संध्याकाळी व्हर्ना मला मेट्रोकडे घेऊन गेली. पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवत नाही, म्हणून आम्ही खिडकीशी उभे. टेबलक्लॉथखाली रिवाजाचं गवत, मध्ये मेणबत्ती, आणि एक ताट रिकाम्या खुर्चीपुढे, ओल्गासाठी. चांदणी दिसली. मेट्रोने कुट्याचं भांडं आणलं. पहिला चमचा घरातल्या मोठ्या माणसाचा, म्हणजे व्हर्नाचा. तिने चमचा घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"मेट्रो, हा मध शेवटचा का रे?"

"कसला शेवटचा?"

"निळीचा."

मेट्रो तिच्याकडे बघतच राहिला. "तुला काय वाटलं, मेली? अगं, मग मी इतका शांत बसलो असतो? आज दुपारी कान लावून आलो. आत कशी गुणगुणतेय!"

व्हर्नाने चमचा खाली ठेवला. "कधी उघडलंस दार?"

"फोन आपटला आणि तस्साच गेलो. निळीचं उघडलं."

"सगळ्यांची उघडलीस ना?"

"छे. फक्त निळीचं. बाकीच्यांची शिक्क्यावर सोडली. ती मग संध्याकाळी तुझी लाल अक्षरं वाचून उघडली. मागच्या रांगेतल्या दोन राण्या गेल्या, बाकी तरल्या."

मला काही उमजेना. "अहो मेट्रो, तुमचा जर हिच्यावर विश्वास नव्हता, तर निळीचंच कसं उघडलंत? सगळ्यात जपायची तीच ना?"

मेट्रोने त्या रिकाम्या खुर्चीकडे मान हलवली. "ती म्हणायची, व्हर्ना सगळ्यात घोळ घालते, पण वाचायला बसली की घालत नाही."

व्हर्ना एकदम उसळली. इतक्या वर्षांत मी तिला अशी चिडलेली पाहिली नव्हती. "म्हणजे सकाळीच उघडलंस! आणि मी? मी दिवसभर वेड्यासारखी पळतेय, त्या बिचाऱ्या थीसेनचा जीव खातेय, नियम मोडतेय, चार महिने झोप नाही मला! तुला एक फोन करता आला नाही? एक? मी तेव्हाच थांबले असते ना!"

"थांबली असतीस?"

"थांबलेच असते! दुसरं काय करायचं होतं?"

"तू सांगत होतीस ना फोनवर, ती डॉफिनची, बस चालवणारी," मेट्रो कुट्या ढवळत म्हणाला. "मला बहीण होती ओरडून सांगायला. तिला कोण होतं?"

व्हर्नाने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "तुझा फोन दे."

"आता? अगं, जेवण निवतंय."

"दे म्हणते ना. इथून उघडतंय का बघू दे."

मेट्रोकडचं इंटरनेट रडतखडत चालतं. पान वरून खाली एकेक ओळ येत होतं. पहिला चमचा तिचा, त्यामुळे आम्हाला जेवता येईना. मेणबत्ती जळत होती, आम्ही तिघं त्या इवल्याशा पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. शिक्का आला, मग लाल अक्षरं आली, मग तिसरं पान, चित्रासकट.

"उघडलं," व्हर्ना म्हणाली, आणि तिने पहिला घास घेतला.